धोंडीवरची बेडकी

आमच्या वर्षाराणीची गोष्ट मी येईल त्या पाहुण्याला सांगतो. तुम्हीच राहिला होतात.

वर्षा माझ्या थोरल्याची, माणिकची पोरगी. तलवाड्यातून औरंगाबादला जाऊन बेडकांवर संशोधन करणारी आमच्या भावकीतली पहिलीच. गावात एसटीडीचा बूथ नवा नवा आला होता, त्या साली जून कोरडा गेला. तिकडं बेडूक मिळेनात म्हणून ती गावी आली आणि आमच्या विहिरीतून नर-मादीची जोडी धरली. माणिकनं बजावलं होतं, "यंदा परयोग झाला तर ठीक, न्हाई तर पुस्तकं गुंडाळ अन लग्नाला उभी ऱ्हा."

कसला प्रयोग, मी विचारलं.

"आबा, अंड्यातून आधी पेशींचा नुसता गोळा होतो. मग बाहेरच्या पेशी सरकत आत शिरतात, तिथं आतडं तयार होतं. एक विकर, म्हणजे प्रथिनच, त्यांना सरकायला लावतं असं मला वाटतंय. औषधानं ते बंद पाडून बघायचंय."

"म्हंजी ऊसतोडीचा मुकादम. त्यानं हाक दिल्याबगर टोळी हलत न्हाई."

"मुकादमच! फक्त शिव्या देत नाही."

मादीला अंडी घालायचं इंजेक्शन टोचून तिनं जोडी न्हाणीतल्या टोपात ठेवली, वर ओली गोणी. दुपारी बघते तर नर एकटाच.

पाऊस ओढला की आमच्याकडं धोंडी निघते. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुलिंबाचा पाला गुंडाळलेल्या माणसानं ते घेऊन दारोदार फिरायचं, बायांनी वरून पाणी ओतायचं. शेजारच्या केशरबाईला बेडूक कुठं सापडत नव्हता. आमच्या न्हाणीत लठ्ठ दिसला तो तिनं उचलला. आता लठ्ठ कशानं? पोटात अंडी!

मारुतीच्या पारापाशी आम्ही धोंडी गाठली. पाल्यात सिदू, खांद्यावर मुसळ, त्याला फडक्यात बांधलेली बेडकी.

"केशरकाकू, सोड तिला! माझं सगळं तिच्यावर हाय!"

"अन गावाचं गं? निम्मी घरं राहिलीत. धोंडी मधीच मोडली तर पाऊस यील का?"

"आधी मला सोडा," सिदू पाल्यातून ओरडला, "मुंग्या लई चावायल्यात!"

वर्षा रडकुंडीला आली. मी म्हणालो, "केशर, फिरव समदी घरं. पन माझी नात मुसळाला धरून चालंल."

केशरबाई कबूल झाली. वर्षानं फडकं सैल केलं आणि बेडकीची कातडी सुकू नये म्हणून दारोदार सांगत सुटली, "काकू, माझ्या बेडकीवर ओता, सिदूवर नको!" बायांना तर चेवच आला. पाल्यातला सिदू कोरडा आणि बेडकी चिंब, असं गावानं पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी बेडकी पुन्हा नराशेजारी टोपात गेली. सकाळी वर्षाची किंकाळी ऐकून मी न्हाणीत धावलो. टोपभर अंडी! भिजल्या साबुदाण्यासारखी, आत काळा ठिपका. तिनं ती वाट्यांत वाटली, निम्म्यांत औषध घातलं.

दिवस कलताना ती ओसरीवर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. माणिकही दारात उभा. शेवटी म्हणाली, "आबा, बघा."

साध्या पाण्यातल्या गोळ्यांवरची आत शिरायची फट आवळत आली होती, पेशी आत शिरल्या होत्या. औषधातल्यांची फट तशीच उघडी, टोळी बांधावरच खोळंबलेली. काहींचं औषध तिनं धुऊन टाकलं होतं. त्यांच्या पेशी उशिरा का होईना, निघाल्या होत्या.

माणिकनंही वाकून बघितलं. "मंग पुस्तकं गुंडाळायची न्हाईत तर."

पाऊस पुढच्या आठवड्यात आला. तो कुणाच्या बेडकीमुळं, यावर केशरबाई वर्षाशी अजून भांडते. पण पावसाआधीच जोडी विहिरीत सोडायला माणिक स्वतः टोप घेऊन गेला. बेडकीनं बुडी मारली तसा हळूच म्हणाला, "जा बाई, लई उपकार झाले."