शेठ येऊ द्या

धर्माबादच्या मोंढा बाजारात, मी मुनीम आहे त्या आडतीवर, मिरचीची पोती तोलणारे एक चाचा आहेत. नकला लई भारी करतात, पण ज्याची करायची तो समोर असला तरच. "पाठीमागं केली तर ती चुगली हाय," म्हणतात.

आमचे शेठ शेतकऱ्याचं पोतं बुटानं ढोसून माल बघायचे. हमाल म्हणाले, "चाचा, शेठची नक्कल करा की."

"शेठ येऊ द्या."

शेठ आले. भर लिलावात चाचांनी त्यांच्यासमोर हनुवटी उडवून पोत्याला पाय लावला. कुणी हसलं नाही.

"काई चुकलं असंल तर सांगा, शेठ."

शेठनी वाकून हातानं मिरची उचलली.

शेठचं बघून बघून माझाही बूट एका पोत्यावर होता. मी तो हळूच खाली घेतला.