चौथ्या व्हॉल्व्हचा क्रम

शेळगावला माझ्या थोरल्या बहिणीची डाळिंबाची बाग आहे. गेल्या बहाराला कळी चांगली लागली होती, पण चौथ्या व्हॉल्व्हवरच्या झाडांची पाने मलूल होऊन कळी गळायला लागली. बाकीची बाग हिरवीगार. ठिबकच्या नळ्यांतून पाणी आणि खत कंट्रोलर नावाचे यंत्र सोडते, आणि नुकतेच त्यात नवे सॉफ्टवेअर टाकून घेतले होते. तेव्हापासूनच बिघडले, असा आक्काचा संशय.

"रविवारी ये," ती फोनवर म्हणाली. "आणखी आठवडाभर असंच चाललं, तर त्या तुकड्याचा बहार गेला म्हणून समज."

मी बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सेटिंगच्या फायली सांभाळतो. या फायली एक्सएमएल नावाच्या पद्धतीत लिहिलेल्या असतात. प्रत्येक माहितीला नावाची खूण, आणि एका खुणेच्या पोटात दुसरी: व्हॉल्व्हच्या पोटात त्याचे टप्पे, टप्प्याच्या पोटात मिनिटे. जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून फरक दाखवणारे सॉफ्टवेअर मी रोज वापरतो. आक्काच्या कंट्रोलरची जुनी फाईल दाजींनी पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती. नवी मी रविवारी गेल्यावर कंट्रोलरमधून काढून घेतली.

पडवीत लॅपटॉप उघडला. ओळीला ओळ लावून पाहिली, तर ६१२ फरक. पडदा लालेलाल.

"म्हंजी समदंच बदललं की, पाव्हणं!" दाजी म्हणाले.

तसे नव्हते. नव्या सॉफ्टवेअरने व्हॉल्व्ह वेगळ्या क्रमाने लिहिले होते, एवढेच. तिसरा आधी लिहिला काय आणि पहिला आधी लिहिला काय, प्रत्येकाला स्वतःचा नंबर असतोच. म्हणून मी क्रमाकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय निवडला. फरक शून्य.

"फाईल जशीच्या तशी आहे," मी म्हणालो.

"मग कळी काय माझ्यावर रुसून गळती व्हय?" आक्काने चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

"कारखान्यात दुधाची पावडर करताय ते ठीक हाय," दाजी म्हणाले, "हितं आमच्या बागंची करू नगा."

शून्याने माझेही समाधान होत नव्हते. आकडा सोयीचा आला की मी तो पुन्हा तपासतो. व्हॉल्व्ह कोणत्याही क्रमाने लिहा, चालते. पण एका व्हॉल्व्हच्या आतले टप्पे ज्या क्रमाने लिहिले असतील, त्याच क्रमाने कंट्रोलर चालतो. मी तर सगळ्याच क्रमावर डोळे मिटले होते. मग सॉफ्टवेअरला नीट सांगितले: व्हॉल्व्ह नंबरावरून जुळव, टप्प्यांचा क्रम मात्र धर.

फरक एक. चौथा व्हॉल्व्ह. जुन्या फाईलमध्ये पाणी, खत, पुन्हा पाणी. नव्या फाईलमध्ये पाणी, पाणी, खत.

म्हणजे खत सोडल्यावर नळ्या धुतल्याच जात नव्हत्या. पण फरक सापडला म्हणजे कारण सापडले, असे मी धरत नाही. बागेत जाऊन त्या तुकड्यातल्या एका नळीचे टोक सोडले. खताचा पांढरा गाळ बाहेर आला. शेजारच्या तुकड्यातली नळी सोडली, तर स्वच्छ पाणी.

"सॉफ्टवेअरचा दोष असता तर सगळेच व्हॉल्व्ह बिघडले असते. कंट्रोलर मोबाईलवर बघताना चुकून बोट लागलं तरी टप्पा वरखाली सरकतो," मी सांगितले.

"ऐकलं का?" आक्का दाजींकडे वळली.

"मोबाईल तूबी बघती की!"

क्रम सुधारला. दाजींनी दुसऱ्या दिवशी ॲसिड सोडून नळ्या धुऊन घेतल्या. पुढच्या पंधरवड्यात आक्काचा फोन आला.

"झाडं सावरली. गळ थांबली, अन् नवी कळीबी दिसतीया. कडंची काही झाडं तेवढी अजून तशीच हायती."

"त्यांचे ड्रीपर पार बुजले असतील. बदलावे लागतील."

"बदलायलाच घेतल्यात. तुझे दाजी सकाळपासनं तितंच हायत. एकेक बदलत्यात अन् थेंब पडतोय का, उकिडवं बसून बघत्यात."

"पडतोय का?"

"पडतोय की."