राजपत्रित म्हणजे कोण?

बावीस वर्षं मी राजपत्रित अधिकारी होतो आणि त्या पदाचा जगाला झालेला उपयोग म्हणजे लोकांच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून हिरव्या शाईत केलेली सही. खातं कृषी, नेमणूक ठाण्यात. बाळकुमला जिथे भात व्हायचा तिथे आता टॉवर उभे आहेत, त्यामुळे शेतकरी आमच्याकडे क्वचितच फिरकायचे. मार्कशीट घेऊन येणारे मात्र रोज असायचे.

एका दुपारी पोलिसांचं पत्र आलं: 'अंगझडतीकामी एक राजपत्रित अधिकारी उपलब्ध करून द्यावा.' बाकीचे अधिकारी फील्डवर होते. ठाण्यात फील्ड कुठे उरलंय, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. "अमली पदार्थाचं प्रकरण आहे, तुम्हीच जा," वरिष्ठ म्हणाले. "तुम्हाला झाडांचं कळतं."

जीपमध्ये सब-इन्स्पेक्टरने समजावलं. संशयिताला आपली झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर घ्या, असं म्हणायचा हक्क असतो. "कायद्याचा आमच्यावर तेवढा विश्वास नाही, सर. तुमच्यावर आहे." कायदा मला इतका ओळखत असेल अशी मला कल्पना नव्हती.

माजिवड्याच्या पुलाखाली पस्तिशीचा एक माणूस उभा होता. लिफ्ट दुरुस्त करणारा. अंगात कंपनीचा निळा शर्ट. हवालदाराने त्याला त्याचा हक्क एका दमात वाचून दाखवला.

"राजपत्रित म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"हे साहेब."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झेरॉक्सवर सही करतात ते?"

"तेच," मी म्हणालो.

"पोरीच्या ॲडमिशनला या सहीसाठी तीन ऑफिसं फिरलेलो. आज जागेवर आलात."

तो हे बोलत होता तेव्हा त्याच्या पँटचे दोन्ही खिसे उलटे होऊन बाहेर लोंबत होते आणि पांढऱ्या भुकटीची पुडी जीपच्या बॉनेटवर होती.

"झडती झालीय का?" मी विचारलं.

"आता होईल, सर."

खिसे आत गेले, पुन्हा बाहेर आले. जवळच्या सोनाराकडून काटा आणून पुडीचं वजन झालं, लाखेचं सील लागलं. एका चिमटीभोवती आम्ही आठ मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने उभे होतो. पंचनाम्यात 'समक्ष' असं लिहिलं आणि मी खाली सही केली. का केली, याचा मी नंतर बराच विचार केला. ऊन होतं, सगळे खोळंबले होते, आणि पुडी आपली नाही असं तो स्वतःही म्हणत नव्हता. पण खरं कारण साधं असावं. मूळ प्रत न बघता सही करायची मला सवय होती.

कोर्टाचं समन्स आलं तोवर मी निवृत्त होऊन डोंबिवलीत राहायला आलो होतो. त्याला जामीन मिळाला नव्हता. पहिल्या तारखेला पुडी आली, सरकारी वकील आले नाहीत. दुसऱ्या तारखेला वकील आले, पुडी आली नाही. पुडीसोबत दोन शिपाई, आरोपीसोबत दोन, शिवाय न्यायाधीश, लघुलेखक, पट्टेवाला आणि मी. या चिमटीवर सरकारचा एकूण खर्च किती झाला असेल, असं मी तिथल्या कारकुनाला सहज विचारलं.

"बजेटच्या कुठल्या हेडखाली?" त्याने विचारलं.

बाहेर बाकावर एक बाई मांडीवर डबा घेऊन बसायची. त्याची बायको. राहायची कोपरला, शाळेत मुलांची खिचडी शिजवायची.

"काका, तुम्ही त्यांच्या बाजूचे की आमच्या?"

"मी राजपत्रित."

"म्हणजे त्यांच्या."

मी काय पाहिलं ते तिला सांगितलं. झडतीच्या आधीच उलटे झालेले खिसे. एवढ्यावर केस पडू शकते, हे तिला वकिलाने सांगितलेलं होतं. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती डब्याची कडी उघडत-लावत राहिली.

"सुटला तर नेऊ कुठे त्याला?"

"घरी."

"घरीच तर होता. दोन-दोन ड्युट्या करायला जाग राहते म्हणून घ्यायला लागला, मग ड्युटी नसली तरी घ्यायचा. सरकारी हॉस्पिटलात चार खेपा घातलेल्या मी. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात बेड नाही, पुढच्या महिन्यात या. जेलात त्याच दिवशी जागा मिळाली. आत जाऊन अंग भरलंय त्याचं. पोरीचं विचारतो. तुम्ही खरं बोललात की हा बाहेर येणार, परत पुडी, परत लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार. हात कसे थरथरायचे ते मी बघितलंय. एक दिवस वरून लिफ्ट येईल आणि याला कळायचं पण नाही."

"मग खोटं सांगू?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी डबा द्यायला आलेय."

तिसऱ्या तारखेला साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "झडती तुमच्या समक्ष झाली?"

"दुसऱ्यांदा झाली ती."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "मग सही का केलीत?"

"सवयीने."

नोंदीत त्याचं इंग्रजी झालं तेव्हा ते बरंच भारदस्त वाटलं.

निकालाला अवकाश होता. तेवढ्यात मी त्या व्यसनमुक्तीच्या वॉर्डात जाऊन आलो. सोबत माझं विनंतीपत्र होतं, हिरव्या शाईतलं. "रिटायर्ड ना?" तिथली क्लार्क म्हणाली. "मग हे नुसतं पत्र झालं." तरी तिने त्याचं नाव यादीत घातलं. वॉर्डाला मोजक्या खाटा होत्या, आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायला एकच समुपदेशक. सील लावायला माणसं कमी पडली नव्हती, हे मला तिथे उभ्या-उभ्या आठवलं. या सगळ्यावर सरकारने पैसा घालावा का, असं कोणी विचारलं तर मी अजूनही हो म्हणेन. फक्त तो आजवर कुठल्या खिडकीवर भरला, ते एकदा बघून घ्या असंही म्हणेन.

तो सुटला. यादीत नंबर लागायला आणखी अकरा दिवस होते. ते अकरा दिवस ती कामावर गेली नाही. बाराव्या दिवशी आम्ही तिघं त्या क्लार्कसमोर उभे होतो.

"आधारची झेरॉक्स द्या, सही केलेली."

माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"काका, ते बंद झालं कधीच," क्लार्क म्हणाली. "आता पेशंट स्वतःच सही करतो."

मी पेन त्याच्या हातात दिलं.

"काय लिहू?"

"सत्यप्रत."

तो कार्डावरच्या फोटोकडे बघत राहिला. "हा मीच का?" त्याने बायकोला विचारलं.

तिने झेरॉक्स बाजूला सारली आणि आधी त्याच्याकडे नीट बघितलं. बावीस वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं.

"लिही," ती म्हणाली.