जाणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये

सकाळचा चहा हातात असतानाच फोन वाजला. “भाऊजी, हे गेले,” सुमनवहिनी म्हणाल्या, आणि मी विचारलं, “कुठे?” सोमवार होता, पाऊस उघडला होता, आणि अशा सोमवारी माझा मित्र दिगू गळ टाकायला गेला नाही असं कधी घडलंच नव्हतं. त्यामुळे तोंडून तेच निघालं. पलीकडून वहिनींचा हुंदका ऐकला आणि मला उमगलं. झोपेतच गेला होता. फ्रिजमध्ये माशांच्या आमिषाची हळद घातलेली कणीक आदल्या रात्रीच मळून ठेवलेली होती. याला महिना उलटून गेला, तरी माझा तो प्रश्न मलाच टोचत राहतो.

दिगूचं नाशकात चष्म्याचं दुकान होतं आणि घर पंचवटीत. चार पिढ्या यजमानांकडे पूजा सांगणारं घराणं, स्वयंपाकघरात कांदासुद्धा जपून शिरणारा, आणि चिरंजीवांना नाद मासे धरण्याचा. खायचे नाहीत, धरायचे, कौतुकाने बघायचे आणि परत पाण्यात सोडायचे. दुकानाला सुट्टी सोमवारी. आता सोमवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून त्र्यंबक रस्त्याला स्कूटर घालणारा माणूस शिवभक्तच असणार, असा सगळ्या आळीचा समज झाला आणि दिगूने तो मोडला नाही. शेजारच्या नलूकाकू तर त्याच्याकडे बेल द्यायच्या, देवाला वाहायला. पंचाईत अशी, की त्याची जागा भलत्याच दिशेला होती. त्र्यंबक रस्ता हा नुसता देखावा. पण एकदा बेल हातात पडल्यावर काकूंना फसवणं त्याच्या जिवावर यायचं. मग आम्ही दोघं आधी खरोखरच त्र्यंबकेश्वरला जाऊन रांगेत उभे राहायचो, बेल वाहायचो, काकूंसाठी भस्माची पुडी घ्यायचो आणि मग मोठा वळसा घालून पाण्यावर पोचायचो. तोवर ऊन डोक्यावर आलेलं आणि मासे तळाला गेलेले असायचे. “काकूंच्या पुण्याईने वाचले आज,” असं म्हणून दिगू डबा उघडायचा.

ती जागा कशी होती एवढं सांगतो. नदीचं एक वळण, त्यावर झुकलेलं जांभळाचं झाड आणि पाण्यात उतरणारा काळा खडक. खडकाला मध्येच एक बैठक, एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना चिकटून पुरेल अशी. पुढे खोल डोह, त्यात मरळ आणि वाम. गळाच्या दोरीला मोरपिसाचा देठ बांधून तो पाण्यावर ठेवायचा आणि मासा लागून तो कधी बुडतो ते बघत बसायचं. दिगू तिथे एक शब्द बोलत नसे. दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून चष्मा घालायला लावणारा हाच का तो माणूस, असं मला दर वेळी वाटायचं.

नव्वदच्या दशकात मी या पुरवणीत अधूनमधून लिहायला लागलो, तेव्हा त्या डोहावर लिहायचं मनात होतं. दिगू म्हणाला, “लिही की. पण गावाचं नाव घातलंस तर माझ्याशी बोलू नकोस.” मी त्याला चिक्कू म्हटलं. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, “जागा सांगायची नसते, दाखवायची असते.” सांगितलेली जागा कानोकानी जाते, दाखवलेली पायांनी जाते, आणि पाय थकतात म्हणून ती टिकते, असं त्याचं म्हणणं. यावरून आमची दहा-बारा वर्षं तरी जुंपलेली होती.

पुढे इंटरनेट आलं. सिन्नरच्या कारखान्यात काम करणारा संदीप नावाचा एक तरुण चष्मा करायला आला आणि बोलता बोलता गळकरी निघाला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी संगणकावर एक पान सुरू केलं होतं. ज्याला जी जागा सापडेल ती त्याने तिथे टाकायची. “काका, तुमच्या जागेचं लय ऐकलंय. सांगून टाका ना,” तो म्हणाला. “नदी काय कोनाच्या बापाची हाय का?” दिगू चष्म्याची काच पुसत म्हणाला, “नाही ना. म्हणूनच सांगत नाही.” त्या पोरांनी कळवणच्या बाजूचा एक बंधारा पानावर टाकला होता. पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो, तर काठावर थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि बाटल्यांचा खच पडलेला. कोणीतरी पाण्यात सुरुंगाचे तोटेही उडवले होते. बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. दिगूला रडू आवरेना. पण तिथेच मी त्याला माझ्या गावच्या डोहाची गोष्ट सांगितली. आम्ही तिघं मित्र सोडले तर तो कोणाला ठाऊक नव्हता. वाळूचे ट्रक आले, डोहाचा खड्डा झाला, आणि हाकाटी करायला माणूसच नव्हता. “लपवलेल्या जागेला वाली नसतो, दिगू,” मी म्हटलं. तो उठला आणि स्कूटरकडे चालू लागला.

काही दिवसांनी मात्र त्याचाच फोन आला. “त्या पोराला बोलाव.” आम्ही संदीपला घेऊन गेलो. दिगूने त्याचा मोबाइल स्कूटरच्या डिकीत टाकायला लावला आणि दिवसभर गळाला हात लावू दिला नाही. “आधी बस. पाणी बघ.” पोरगं कंटाळलं, चुळबुळलं, पण बसलं. पुढे संदीपनेही आपल्या मित्रांना तसंच एकेक करून नेलं, आणि ती जागा काही त्या पानावर आली नाही. दिगूचं सगळंच बरोबर होतं असं मला आजही वाटत नाही. ज्याला हात धरून नेणारं कोणी नाही, त्याने नदीवर यायचंच नाही की काय? हा प्रश्न मी त्याला विचारला होता. “मग त्याने विचारावं. मी नेईन,” तो म्हणाला होता.

तेराव्याला संदीप आला. वहिनींच्या पाया पडला आणि रडत म्हणाला, “काकांनी दाखवलेल्या जागेवर आता कसं बसायचं?” वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. “तुला दाखवली ह्यांनी?” एवढंच बोलून त्या आत गेल्या. सगळे पांगल्यावर मला म्हणाल्या, “भाऊजी, परक्या पोराला नेलं. मी काय त्या पानावर घालणार होते?” दिगू एकदा मला म्हणाला होता, ते मी सांगून टाकलं. “तो म्हणायचा, सुमन कधी विचारतच नाही रे. विचारलं असतं तर नेलं असतं.” वहिनींनी कपाळावर हात मारला. “अहो, जाणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये, काम होत नाही, हे माझ्या सासूबाईंनीच शिकवलं मला! मासा लागावा ह्यांना म्हणून नाही विचारलं मी.” खरंच, आमच्याकडे निघालेल्या माणसाला ‘लांब का?’ एवढंच विचारतात. वहिनी दर सोमवारी दारात येऊन तेच विचारायच्या आणि बूट घालता घालता दिगू म्हणायचा, “इथंच, जरा पलीकडे.” तो त्यांच्या विचारण्याची वाट बघत होता आणि त्या त्याला यश मिळावं म्हणून गप्प होत्या. मला दिगूचा इतका राग कधीच आला नव्हता.

“कुठे आहे ती जागा?” वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, “सांगणार नाही. चला.”

गेल्या सोमवारी आम्ही गेलो. त्र्यंबकचा वळसा न घेता सरळच. जांभळाखाली गाडी थांबवली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “एवढंच? मला वाटायचं, किती लांब जातात…” त्या सावकाश खडकावर उतरल्या आणि बैठकीवर एका कडेला बसल्या. शेजारची जागा तशीच सोडली. खडकाच्या फटीत दिगूने खोचून ठेवलेला मोरपिसाचा देठ होता. तो त्यांनी काढला, पदराने पुसला आणि पुन्हा होता तिथे ठेवला. मी लांब जाऊन उभा राहिलो. पुष्कळ वेळाने त्यांनी मला हाक मारली.

परत आलो तर नलूकाकू फाटकातच उभ्या होत्या. “काय गं सुमन, सकाळपासून घराला कुलूप. कुठे गेली होतीस?”

वहिनी पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “इथंच, जरा पलीकडे.”