धुरपदाबाईंचा लाकडी गडी

नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला आणि इकडे ज्वारी दाण्याला आली असताना चिखलीच्या धुरपदाबाईंचा गोफणीचा हात मोडून गळ्यात आला. पाखरं तर बुजगावण्याच्या डोक्यावर बसून दाणे टिपत होती.

"ज्वारी घरात आणीनच," म्हणत बाईंनी एका हातानं लाकडाचा माणूस उभा केला. त्याला वाऱ्यानं फिरणारे हात दिले, हातांत डबडी बांधली.

शेजारचे बबनराव बांधावरून खिदळले, "वहिनी, दुसरा नवरा केला व्हय?"

"केला. ह्यो कामाच्या वेळी जागेवर तरी असतो!"

वारा सुटला, डबडी खणखणली, थवा उठला आणि थेट बबनरावांच्या ज्वारीवर उतरला.

संध्याकाळी बबनराव स्वतःचं पागोटं पुढं करत आले. "वहिनी, तुमच्या ह्या गड्याला एक भाऊ करून द्या. त्याच्या डोक्याला पागोटं माझं."

"देते. पण लाकूड तुमीच तासायचं."