भिंतीला टेकलेली गाडी

आमच्या सोसायटीत जागा इतकी तोकडी, की सगळेच गाडी मागे घेताना बंपर भिंतीला टेकेपर्यंत घेतात. माझ्या गाडीचा अलार्म काही दिवसांपासून भरदुपारी उगाचच केकाटायचा. लोक वैतागले, म्हणून आज मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वायरी तपासल्या, बॅटरी पाहिली, बॉनेटचं बटण दाबून पाहिलं. बिघाड सापडेना.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या घरात काहीतरी दाणकन आदळलं आणि गाडी किंचाळायला लागली. मेकॅनिकनं रिमोट दाबून तिला गप्प केलं. त्या शांततेत बाईचं दबलेलं कण्हणं ऐकू आलं. भिंत पुन्हा हादरली, गाडी पुन्हा ओरडली.

"हादऱ्याचा सेन्सर बरोबर आहे, ताई," तो खाली बघत म्हणाला.

म्हणजे रोज दुपारी तिचं डोकं या भिंतीवर आपटत होतं. याच भिंतींना टेकून आम्ही इतकी बिऱ्हाडं राहतो, जेवतो, वामकुक्षी घेतो. हादरा कळला तो सेन्सरच्या काडेपेटीएवढ्या डबीला. आणि आम्ही तक्रार केली तीही त्या डबीचीच.

त्या घराचं दार उघडून तिचा नवरा बाहेर आला. शर्टाची बटणं तुटलेली, मनगटावर नखांचे ताजे ओरखडे.

"बंद करा हो ते," तो म्हणाला. "रात्रपाळी करून आलोय. घरात जरा शांतता नाही."

मेकॅनिकनं सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करायच्या स्क्रूला पेचकस लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "कमी करू?"

"वाढवा," मी म्हणाले, आणि तिच्या नवऱ्याला बाजूला ढकलून त्या उघड्या दारातून आत शिरले.