काशम्मा टॅक्स भरते

भवानी पेठेत काशम्माच्या तोंडाला लागायची हिंमत कुणी करत नाही. नळाला पाणी आलं नाही की बायका आधी तिला हाक मारतात. ती नगरसेवकाच्या दारात उभी राहून अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं काही सुनावते की तो चहा अर्धा टाकून बाहेर येतो. अशा बाईचं तोंड बंद केलं ते एका शब्दानं. 'भरणे' या साध्या शब्दानं.

काशम्मा टॉवेलांच्या कडा शिवते. वर्षानुवर्षं तोच कारखाना, तेच मशीन; सकाळी जायचं, दिवे लागल्यावर यायचं. पण मालकाच्या दप्तरी ती कामगार नाही हो, ती 'जॉबवर्क घेणारी'! कामगार म्हटलं की फंड आला, बोनस आला. त्यापेक्षा बाईलाच ठेकेदार करून टाका, झालं. आणि ठेकेदार म्हटलं की मजुरीतून टॅक्स कापायचा. जिची कमाई टॅक्सच्या हद्दीकडं फिरकतसुद्धा नाही, तिचे पैसे आधी कापून घ्यायचे आणि मग सांगायचं, "बाई, तुम्हाला टॅक्स नाहीच. रिटर्न भरा, परत मिळतील." म्हणजे चप्पल यांनी पळवायची आणि अर्ज हिनं करायचा!

मग दर जुलैत कामाचा खाडा करून ती चौकातल्या धनाजीच्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन बसायची. ओटीपी कधी यायचा, कधी रुसायचा. धनाजी आपली फी घ्यायचा आणि पुढं केव्हातरी तिचेच पैसे तिच्या खात्यात यायचे. खोटं कशाला बोला, या खटाटोपाचा तिला थोडा तोराही होता. "मालक भरतो, मी बी भरते," असं ती गल्लीत ऐकवायची.

घरात नवरा, महादेवप्पा. जन्म लूमवर गेला, सुताची धूळ छातीत जाऊन बसली. आता चार पावलं टाकली तरी धाप लागते. औषधाचा पंप ओढला की जरा मोकळा होतो. बायकांना सरकारकडून दरमहा पैसे मिळतात ना, त्यातून तो पंप यायचा. पैसे जमा झाले की काशम्मा बँकेतून थेट मेडिकलमध्ये जायची.

गेल्या वर्षी त्या पैशांसाठी पडताळणी निघाली; टॅक्स भरणाऱ्या घराला ते मिळणार नव्हते. अंगणवाडीची रेश्मा, गल्लीतलीच पोरगी, दारात येऊन एकेक प्रश्न वाचत गेली.

"अक्का, घरात कुणी इन्कम टॅक्स भरतं का?"

"व्हय, मी भरते की! दरवर्सी."

रेश्मानं चमकून वर पाहिलं. "नक्की?"

"अय्यो, तुज्याशी खोटं बोलू व्हय? त्या धनाजीला इचार जा."

रेश्मानं 'हो'वर खूण केली आणि पुढच्या दाराला गेली. आता सांगा, चूक कुणाची? आपल्याकडं फॉर्म भरतात, टॅक्स भरतात, पाणीसुद्धा भरतात. काशम्मा भरायची ते रिटर्न, टॅक्स नव्हे. पण हा फरक तिला कुणी कधी सांगितला होता?

पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाहीत. महादेवप्पा पंप पुरवून पुरवून ओढायला लागला. धाप लागली तरी "आत्ता नको, राहू दे" म्हणायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. काशम्मानं कचेरी गाठली, तोंड सोडलं. साहेबांनी शांतपणे कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं.

"तुमच्या नावावर रिटर्न दिसतंय. म्हणजे तुम्ही करदात्या."

"आवो, पैसं परत दिलं की तुमच्या सरकारनं!"

"ते आमच्याकडं दिसत नाही. पुढच्या वर्षी रिटर्न दिसलं नाही, तर बघू."

तळपायाची आग मस्तकात जाते की नाही? गरिबाला टॅक्स माफ म्हणून टाळ्या घेता, मग सरळ माफ करा ना! कापू नका, कागद मागू नका, बिचारीला त्या चरकात घालूच नका. माफी दिली म्हणायची आणि तिच्यासाठी दरवर्षी हात जोडायला लावायचे, ही कसली डोंबलाची माफी?

जुलै आला. धनाजीनं आपण होऊन निरोप धाडला. काशम्मा गेली, पण खुर्चीवर बसली नाही.

"औंदा भरायचं न्हाय."

"मावशी, अहो कापलेले पैसे बुडतील की!"

"बुडू दे."

"तुमच्या घामाचे हायत ते!"

"मला ठावं न्हाय व्हय? रिटर्न दिसलं तर ह्यांचा पंप कायमचा बंद. दम बघू का पैसं बघू, तूच सांग."

काशम्मा तिथून तशीच कामावर गेली. आपण टॅक्स भरत नाही एवढं सरकारला पटावं, म्हणून जन्मात पहिल्यांदा तिनं खराखुरा टॅक्स भरला.